सोडलेल्या पाण्याचा हिशेब

पुण्याच्या वेशीवर, महापालिकेची ड्रेनेजलाइन अजून पोचलेली नाही अशा ठिकाणी, तीनशे फ्लॅटची एक सोसायटी आहे असे धरू. घरटी पाच माणसे, म्हणजे दीड हजारांची वस्ती. माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडच्या नियोजनातला ठरलेला आकडा. त्या हिशेबाने रोज २ लाख २ हजार ५०० लिटर पाणी नळांतून येते. त्यातले साधारण ८५ टक्के संडास, मोरी, वॉशिंग मशीन आणि ओट्यावरच्या सिंकमधून परत खाली उतरते. म्हणजे दररोज सुमारे १ लाख ७२ हजार लिटर मैलापाणी. ते तळघरातल्या किंवा बागेखालच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात जाते, तिथे त्यावर प्रक्रिया होते, आणि मग ते कुठे जाते? याचे उत्तर प्लंबरच्या सोयीवर सोडता येत नाही. ते इमारतीचा पाया खणण्याआधीच कागदावर मांडावे लागते आणि त्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते.

बहुतेक रहिवाशांना या संमतीपत्राचा पत्ताच नसतो. ओसी मिळाली का, कन्व्हेयन्स कधी होणार, पार्किंगचे वाटप कोणी केले, हे प्रश्न सर्वसाधारण सभेत तावातावाने विचारले जातात. ‘कन्सेंट’ हा शब्द कानावर पडतो तो बहुधा नोटीस आल्यावर. मला मात्र सोसायटीच्या कपाटातल्या सगळ्या कागदांत हा कागद वेगळा वाटतो. बाकीचे कागद आपल्या मालकीचे, आपल्या हक्कांचे असतात. या एका कागदात आपल्या कुंपणाबाहेरच्या माणसांना आपण काय देणे लागतो ते लिहिलेले असते.

ही बाहेरची माणसे कोण, हे नकाशावर बोट फिरवले की कळते. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठेचा संगम पुण्यातच होतो आणि मुळा-मुठा पुढे भीमेत जाते. भीमेवर उजनी धरण आहे. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. धरणाखाली हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणून पुजली जाते आणि आषाढीला लाखो वारकरी तिच्यात स्नान करतात. पुण्याच्या एखाद्या उपनगरात सोसायटीमागच्या ओढ्यात जे सोडले जाते, त्याची वाट ही अशी आहे.

जलप्रदूषणाच्या कायद्यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. केंद्राचा कायदा येण्याआधीच राज्याने १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. संसदेने जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम केला तो १९७४ मध्ये. पाणी हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने तो कायदा प्रत्येक राज्याने स्वीकारावा लागतो. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. आजची संमतीची सारी पद्धत या १९७४ च्या कायद्याच्या कलम २५ वर उभी आहे. प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर मैलापाणी वा औद्योगिक सांडपाणी सोडले जाईल, असा कोणताही उद्योग किंवा शुद्धीकरणाची यंत्रणा मंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय उभारता येत नाही आणि असे पाणी सोडायला सुरुवातही करता येत नाही, असे हे कलम सांगते. यातला ‘जमिनीवर’ हा शब्द नीट वाचण्यासारखा आहे. “आम्ही नदीत काही सोडत नाही, मागच्या मोकळ्या प्लॉटवर सोडतो,” असे म्हणणाऱ्यांची पळवाट या एका शब्दाने बंद होते.

तसाच ओढा. कायद्याने ‘प्रवाहा’ची जी व्याख्या केली आहे तिच्यात नदी येते, भूजल येते, आणि वाहता असो वा सध्या कोरडा असो, असा पाण्याचा मार्गही येतो. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्यांसाठी हे फार मोलाचे आहे. आपले निम्मे ओढे मार्चनंतर कोरडे पडतात. बांधकाम करणाऱ्याला तिथे पाणी दिसत नाही आणि तो ती जागा पडीक समजतो. कायदा मात्र त्या कोरड्या पात्रालाही नदीइतकेच संरक्षण देतो.

संमती दोन टप्प्यांत मिळते. पहिली उभारणीची, जिला सगळे ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’ म्हणतात. १९८८ च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली. दुसरी चालवण्याची, ‘कन्सेंट टू ऑपरेट’. पहिली काम सुरू करण्याआधी घ्यायची आणि दुसरी लोक राहायला येण्याआधी. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्र असलेल्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही लागते. ती वेगळी आणि मंडळाची संमती वेगळी. पर्यावरण मंजुरी हातात आहे म्हणून चालवण्याच्या संमतीची गरज संपत नाही. एकट्यादुकट्या बंगल्याच्या सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्याची बाब व्यवहारात बांधकाम परवानगीबरोबरच निकाली निघते. मंडळाच्या दारात येतात ते प्रामुख्याने मोठे गृहप्रकल्प, हॉटेले, रुग्णालये, वसतिगृहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, त्यामुळे सनदी लेखापालाचा दाखला लागतो. नकाशे, एसटीपीची रचना, क्षमतेची आकडेमोड आणि पाण्याचा ताळेबंद जोडावा लागतो. मंडळाचा क्षेत्र अधिकारी जागा पाहून अहवाल देतो आणि प्रकल्पाच्या आकारमानाप्रमाणे निर्णय त्या त्या पातळीवर होतो. अर्ज केल्यापासून चार महिन्यांत मंजुरी किंवा नकार आला नाही तर संमती मिळाली असे मानले जाते, अशी तरतूद कलम २५ मध्येच आहे. पण ती ‘सर्व दृष्टींनी परिपूर्ण’ अर्जासाठी. एक दाखला कमी असला तरी हा आधार उरत नाही. चार महिने मोजत बसण्यापेक्षा मंडळाने काढलेल्या त्रुटींना आठवड्याभरात उत्तर द्यावे, ते अधिक शहाणपणाचे.

या सगळ्या कागदांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद, आणि नेमका तोच सर्वांत हलगर्जीपणे भरला जातो. आपल्या सोसायटीचाच घेऊ. महाराष्ट्रातल्या गृहप्रकल्पांच्या संमतीपत्रांत नेहमी आढळणारी अट अशी, की प्रक्रिया केलेल्या पाण्यापैकी ६० टक्के पाणी फ्लशिंग, बाग, अग्निशमन, कूलिंग टॉवर अशा कामांसाठी पुन्हा वापरायचे आणि उरलेले स्थानिक संस्थेच्या मलवाहिनीला जोडायचे. १ लाख ७२ हजारांचे ६० टक्के म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. माणशी १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशसाठी धरले जातात, म्हणून दीड हजार माणसांचे साडेसदुसष्ट हजार लिटर फ्लशमध्ये खपतात. बागेला, रस्ते धुवायला रोज साधारण साडेपस्तीस हजार लिटर लागले, तर अट पुरी झाली. तरीही एकोणसत्तर हजार लिटर उरते. दहा हजार लिटरचे सात टँकर, दररोज. कागदावर ते मलवाहिनीत जाते. पण आपल्या सोसायटीच्या रस्त्यावर मलवाहिनीच नाही.

आता जून उजाडतो. पाऊस सुरू होतो, बागेला पाणी लागत नाही, आणि उरलेल्या पाण्यात आणखी साडेतीन टँकरांची भर पडते. शिवाय फ्लशच्या पाण्याला वास येतो म्हणून एखाद्या विंगने दुहेरी पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद करून ताजे पाणी जोडून घेतले असेल तर तो हिशेबही कोलमडतो. ओढ्याकडे जाणारा पाइप नेमका अशा दिवसांत टाकला जातो. अनेकदा तो रात्री टाकतात, पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये, विनापरवाना. बेकायदा विसर्गाचे मूळ बहुतेक वेळा शुद्धीकरणाच्या यंत्रात नसून या ताळेबंदात असते. जिथे मलवाहिनी नाही तिथे ती येईपर्यंतच्या काळात उरलेले पाणी कुठे जाईल, किती, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या दर्जाचे, हे अर्जातच सरळ लिहिले पाहिजे. विसर्गाचे ठिकाण, पाण्याचे स्वरूप, तापमान, प्रमाण आणि वेग यांवर अटी घालण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिला आहे. तो अधिकार नीट वापरता यायचा तर अर्जदाराने खरे आकडे द्यायला हवेत.

दर्जाचा विषय निघाला की एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, बीओडीचा. पाण्यातला सेंद्रिय मळ खाताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्याचे हे माप. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतो. एवढे पाणी तसेच ओढ्यात गेले तर तिथले जिवाणू पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतात आणि मासे गुदमरून मरतात. किती बीओडी चालेल, याचे जगभर गाजलेले पहिले उत्तर ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९१२ मध्ये दिले: बीओडी २०, तरंगणारे कण ३०. त्या शिफारशीमागे एक गृहीतक होते. सोडलेल्या पाण्याच्या किमान आठ पट स्वच्छ पाणी नदीत वाहत असले पाहिजे. आकडा जगभर पसरला आणि गृहीतक मागे राहिले. एप्रिलमध्ये आपल्या ओढ्याला आठ पट सोडाच, एक पटही स्वतःचे पाणी नसते. सोसायटी जे सोडते, तोच त्या महिन्यांतला ओढा असतो.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत एसटीपींसाठी बीओडीची मर्यादा महानगरांत २० आणि इतरत्र ३० ठेवली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती १० वर आणली. महाराष्ट्रातल्या अलीकडच्या गृहप्रकल्पांच्या संमतीपत्रांत बहुधा हाच १० चा आकडा दिसतो. बिल्डरांची तक्रार असते की हे फार कडक आहे. कोरड्या ओढ्याकडे पाहिले तर मला ते रास्त वाटते.

दहापर्यंत पोचणे अशक्य मुळीच नाही. मात्र त्यासाठी एसटीपी चोवीस तास जिवंत राहावा लागतो, आणि इथे जिवंत हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. मँचेस्टरमध्ये १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिले, की मैलापाण्यात हवा सोडत राहिले आणि तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात मिसळला, तर शुद्धीकरण कितीतरी वेगाने होते. त्या गाळात पोसलेले जिवाणू असतात. आपल्याकडच्या बहुतेक एसटीपींचे मूळ या शोधात आहे. आर्डर्न-लॉकेटना ज्यांनी या वाटेवर आणले ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. नवा एसटीपी सुरू करताना ऑपरेटर दुसऱ्या चालू एसटीपीतून गाळाचा टँकर मागवतो आणि हवेच्या हौदात ओततो. दुधाला विरजण लावावे तसे ते विरजण असते, फक्त ते धरायला एका रात्रीऐवजी काही आठवडे लागतात.

ऑपरेटर जाणता असेल तर त्याला प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. तो हवेच्या हौदातले पाणी एक लिटरच्या मापाच्या नळकांड्यात भरतो आणि अर्धा तास हलवत नाही. गाळ चॉकलेटी रंगाचा असेल, पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येत असेल, आणि अर्ध्या तासात गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसत असेल, तर जिवाणू खुशीत आहेत. गाळ काळा पडून सडक्या अंड्याचा वास आला की हवा कमी पडते आहे. वर पांढरा फेस दाटला की जिवाणूंची संख्या अजून अपुरी आहे किंवा साबणाचे पाणी फार येते आहे. ही चाचणी रोज करून वहीत लिहिणारा ऑपरेटर मिळाला तर सोसायटीने त्याला जपावे.

हे सगळे बिघडते ते एका चुकीच्या काटकसरीने. हवा सोडणारे ब्लोअर वीज खातात, म्हणून ते रात्री बंद ठेवले जातात. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरायला लागतात. अधिकारी येणार असे कळल्यावर ब्लोअर सुरू करून काही साधत नाही, कारण मेलेली वसाहत एका सकाळीत उभी राहत नाही. एसटीपीला वेगळा वीजमीटर आणि आत-बाहेर पाणी मोजणारे मीटर बसवा, नोंदी ठेवा, अशी अट संमतीपत्रांत घातली जाते ती यासाठीच. युनिटची नोंद पाहिली की ब्लोअर किती तास चालले ते लगेच कळते.

नमुना घेण्याची रीतही कायद्याने ठरवून दिली आहे आणि ती दोन्ही बाजूंच्या हिताची आहे. नमुना तपासणीसाठी घेत असल्याची सूचना अधिकाऱ्याने जागेवरच द्यायची. नमुन्याचे दोन भाग करायचे, प्रत्येकाला सील लावायचे आणि त्यावर अधिकारी व जागेचा ताबाधारक अशा दोघांनी सह्या करायच्या. आपल्याला निष्कर्षाबद्दल शंका राहू नये म्हणून दुसरा भाग वेगळ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी करता येते. ती त्याच वेळी करावी लागते. सोसायटीचा सचिव त्या दिवशी ऑफिसात आणि सुरक्षारक्षक सही करून मोकळा, असे घडले तर हा हक्क वाया जातो. प्रयोगशाळेत बीओडीची बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवतात आणि आधीचा व नंतरचा प्राणवायू मोजतात. जुनी रीत २० अंशांना पाच दिवसांची होती. आपल्या हवामानात जिवाणू अधिक वेगाने काम करतात, म्हणून आपण तीन दिवसांवर आलो.

आता ताबाधारक कोण, हा प्रश्न. संमतीपत्र बिल्डरच्या नावावर निघते, इमारती सोसायटीकडे येतात आणि मधल्या काळात एसटीपी कोणाचाच राहत नाही. जागेच्या कारभारावर ज्याचा ताबा, तो कायद्याच्या लेखी जबाबदार. म्हणजे हस्तांतरानंतर नोटीस व्यवस्थापक समितीला येते, बिल्डरला नाही. म्हणून हस्तांतराच्या यादीत लिफ्ट आणि जनरेटरच्या जोडीने एसटीपीही हवा. चालवण्याच्या संमतीची प्रत घ्यावी, तिची मुदत पाहावी, मंजूर विसर्ग आणि प्रत्यक्षातला विसर्ग ताडून पाहावा, बँक हमी कोणत्या अटीसाठी दिली आहे ते तपासावे आणि संमती सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा अर्ज करावा. हौद रिकामा करून दाखवा, असेही सांगावे. नकाशावर दोनशे घनमीटर असलेला हौद प्रत्यक्षात दीडशेचा निघाला तर ते हस्तांतराआधी कळलेले बरे. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज जावा लागतो. ती तारीख नव्या समितीला पहिल्याच सभेत सांगितली पाहिजे. संमतीच्या अटी मोडल्या तर कलम ३३अ खाली वीज-पाणी तोडण्याचे आदेश देण्यापर्यंत मंडळाचे हात पोचतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही एसटीपी बंद ठेवणाऱ्या सोसायट्यांना पाणी तोडण्याच्या नोटिसा दिलेल्या आहेत.

हस्तांतराच्या वेळी आणखी एक गोष्ट विचारायची असते, ती संमतीपत्रात मोठ्या अक्षरांत नसते. हौदात माणूस उतरतो का? मैलापाणी साठलेल्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास यायचा थांबतो, त्यामुळे उतरणाऱ्याला धोका कळतच नाही. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघे जातात. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यावर बंदी घातली. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. कंत्राटात यंत्राने गाळ काढण्याची तरतूद आणि त्याचे पैसे स्पष्ट लिहिले नाहीत, तर स्वस्तातला कंत्राटदार माणूसच उतरवतो. पैसे वाचवायला जागा शोधायचीच असेल तर ती इथे शोधू नये.

मंडळाने संमती नाकारली तर कारणे लेखी द्यावी लागतात. त्यावर तीस दिवसांत अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि तिथेही न पटले तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, ज्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच बसते. ही झाली अर्जदाराची बाजू. ओढ्याकाठच्या शेतकऱ्यासाठीही कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे, ते फार कमी जणांना ठाऊक आहे. कलम २५ च्याच सहाव्या पोटकलमाप्रमाणे मंडळाला दिलेल्या संमतींची आणि त्यांतल्या अटींची नोंदवही ठेवावी लागते. विसर्गाची झळ ज्याला पोचते किंवा ज्याचा त्यात हितसंबंध आहे, अशा कोणालाही ती वाजवी वेळेत पाहता येते. विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला तर वरच्या सोसायटीला किती पाणी, कोणत्या दर्जाचे आणि कुठे सोडायची मुभा आहे, हे गावकऱ्याला प्रकल्पाचे नाव व गट क्रमांक सांगून मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात विचारता येते. नोंदवहीत मलवाहिनी लिहिलेली आहे आणि पाइप मात्र त्याच्या बांधाला येऊन उघडतो आहे, असे दिसले तर तक्रारीला त्याहून भक्कम पुरावा लागत नाही.